इंजिनाची पुली डोलते तेव्हा



“फादर, पुढची पुली जराशी डोलायली, पण ट्रॅक्टर चालतोय की!” रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एका शेतकरी बंधूने मला असे सांगितले. त्याला उभ्या उभ्या जे उत्तर दिले ते अपुरे होते. म्हणून या वेळच्या पानावर तोच विषय घेत आहे.

आपल्या भालकी तालुक्यात, तसेच औराद, बसवकल्याण आणि पलीकडे उदगीर, देवणी या भागांत पंचवीस-तीस वर्षे राबलेले ट्रॅक्टर आणि डिझेल जीपगाड्या अजून कित्येक घरांत आहेत. पेरणी त्यांच्यावर, सोयाबीन आणि तूर बाजाराला नेणे त्यांच्यावर, ऊस कारखान्याला घालणे त्यांच्यावर. अशा जुन्या वाहनाला रोज काही ना काही होते, आणि त्यातले बरेचसे चालवून घेण्यासारखेच असते. दाराची कडी, सीटची स्प्रिंग, हॉर्न. पुलीचे डोलणे मात्र त्या यादीत बसत नाही. वेळेवर पाहिले तर एक चावी, एक वॉशर किंवा फार तर एक नवी पुली, एवढ्यावर काम भागते. वेळ दवडली तर क्रँकशाफ्टच खराब होतो आणि सगळे इंजिन खोलावे लागते. ते नेमके हंगामात होते.

दुसरी गोष्ट अशी की डोलणे ही खूण आहे. ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो किंवा साध्या सर्दीचा असतो, तशी पुली डोलण्याची कारणेही चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. आपल्याकडे सगळ्यांना एकच औषध दिले जाते: बोल्ट आवळा, नाहीतर हातोडा मारा.

पुली कुठे बसते आणि काय करते

इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट असतो. पिस्टनच्या जोराने तो फिरतो. त्याचे मागचे टोक फ्लायव्हील आणि क्लचला जोडलेले असते. पुढचे टोक टायमिंग कव्हरमधून बाहेर डोकावते आणि त्यावर पुली बसवलेली असते. पुली टोकावर नुसती फिरून निसटू नये म्हणून दोघांच्या खाचेत मिळून पोलादाची एक लहान चावी असते. समोरून एक मोठा बोल्ट पुलीला दाबून धरतो. जुन्या जीपमध्ये या बोल्टच्या जागी दातेरी नट असतो, ज्यात हँडल घालून गाडी सुरू करीत असत. पुलीच्या मागे, कव्हरमध्ये, ऑईल सील असते. ते पुलीच्या गळ्यावर घासत तेल आत ठेवते.

या पुलीवरून फॅन बेल्ट जातो. तो वॉटर पंप, पंखा आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरवतो. म्हणून पुलीने दगा दिला की पाण्याचे फिरणे थांबते, रेडिएटरचा वारा थांबतो आणि बॅटरीचे चार्जिंगही थांबते.

आता थोडे खोलात जाऊ, कारण पुढच्या दुरुस्तीचे मर्म यात आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे करीत असेल, तर क्रँकला मिनिटाला ४००० धक्के बसतात. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला तेवढ्याच फेऱ्यांत ३००० बसतात. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत सुटतो, ओले धोतर पिळून सोडावे तसा. डोळ्याला हे दिसत नाही. पण काही ठराविक वेगांवर हा पीळ वाढत जातो, आणि पूर्वीच्या काळी लांब क्रँक यानेच तुटत. इंग्लंडमधील मोटारींचे कारागीर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर उपाय काढला. क्रँकच्या पुढच्या टोकावर एक असे जड चाक बसवायचे की जे क्रँकला घट्ट चिकटलेले नसेल, थोडे मागेपुढे होऊ शकेल आणि ती थरथर स्वतः गिळून टाकेल. आजच्या पुष्कळ गाड्यांत हे काम पुलीच करते. अशी पुली दोन तुकड्यांची असते. मधला तुंबा, बाहेरचे जड कडे, आणि दोघांच्या मध्ये रबराचा पट्टा.

बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. तुंबा, आरे आणि वरून लोखंडाची धाव. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव ढिली होते आणि चाक खडखडते. आपले वाडवडील चाक पाण्यात ठेवीत, लाकूड फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. दोन तुकड्यांच्या पुलीतही असेच होते. वर्षानुवर्षे इंजिनाची धग आणि गळणारे तेल खाऊन रबर कडक होते, तडकते किंवा फुगून मऊ पडते, आणि बाहेरचे कडे तुंब्यावरून सुटू लागते. फरक इतकाच की रबराला पाण्याचा उपाय नाही.

सगळ्याच पुल्या अशा नसतात. दोन आणि तीन सिलिंडरच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत बिडाची एकसंध पुली असते. काही इंजिनांत पत्रा दाबून केलेली हलकी पुली असते. म्हणून कामाला लागण्यापूर्वी चिंधीने पुली स्वच्छ पुसून समोरून पाहावी. तुंबा आणि कडे यांच्या मध्ये काळा गोल पट्टा दिसला तर ती रबराची पुली. न दिसला तर एकसंध. पुढचे अर्धे निदान यावर अवलंबून आहे.

एक अनुभव

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यात आळस माझाच होता. मी एका खेड्यात असताना आमच्याकडे जुनी डिझेल जीप होती. इंजिन मंद चालताना पुढून ठक् ठक् आवाज येई. एका गॅरेजात दाखवली. रॉडचा ठोका आहे म्हणून त्यांनी खालचा सम्प उतरवला, बेअरिंगे बदलली, बिल दिले. आवाज होता तसाच. मी कंटाळलो आणि जीप तशीच चालवीत राहिलो. तीन आठवड्यांनी एका अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना रस्त्यातच बेल्ट उडाला आणि तापमानाचा काटा तांबड्यात गेला. इंजिन बंद करून आम्ही रानात उभे राहिलो. मागून एक टेम्पो आला, त्याने तिला नेले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. पण टेम्पो येईपर्यंतचा तो वेळ मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर मिस्त्रीने काय केले? पुली दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. “रॉडचं काही नाही फादर, चावी खाल्लीय,” तो म्हणाला. दोन मिनिटांचे काम! ढिल्या पुलीचा ठोका रॉडच्या ठोक्यासारखाच ऐकू येतो, हे मी त्या दिवशी शिकलो. इंजिनाला खालून ठोका आला तर सम्प उतरवण्यापूर्वी पुली हलवून पाहण्याचा आग्रह धरा.

(आता कर्नाटकात २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. बाळंतपण, सर्पदंश, अपघात यांत जुन्या जीपवर विसंबण्यापूर्वी तो क्रमांक फिरवावा.)

तपासणीपूर्वी

वाहन सपाट जागी उभे करावे, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा, चाकांना दगड लावावेत. चालू इंजिनापुढे वाकताना धोतर, उपरणे, पदर, मोकळे केस, सैल बाही, यांपैकी काहीही लोंबत असता कामा नये. गळ्यातील क्रूसाची साखळी काढून ठेवावी. मिनिटाला ७०० फेरे, म्हणजे इंजिन अगदी मंद चालले तरी सेकंदाला अकरा-बारा फेरे होतात. कापड अडकल्यावर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. मुलांना लांब ठेवावे. हे काम उघड्यावर करावे, बंद खोलीत किंवा गोठ्यात नव्हे, कारण धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

हात घालायची वेळ आली की इंजिन बंद, बॅटरीची एक वायर सोडलेली आणि डिझेल बंद करण्याची दांडी ओढलेली, या तिन्ही गोष्टी झालेल्या असाव्यात. गरम डिझेल इंजिन हाताने फिरवतानाही उडी मारू शकते.

निदान

प्रथम इंजिन मंद चालू ठेवून दोन हात लांबून, आधी बाजूने आणि मग समोरून पाहावे. बाजूने पाहताना पुलीची कड पुढे-मागे होत असेल तर ती वाकडी बसली आहे किंवा वाकली आहे. समोरून पाहताना वर-खाली होत असेल तर ती मध्यातून सरकली आहे. सायकल दुरुस्त करणारे ज्याला चाक ‘आउट’ आहे म्हणतात, तेच हे. नुसत्या डोळ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पत्र्याच्या पुल्या नव्या असतानाही थोड्या आउट दिसतात, आणि फिरणारी वस्तू डोळ्याला फसवते.

म्हणून इंजिन बंद करून ताठ तारेचा एक तुकडा टायमिंग कव्हरच्या एखाद्या बोल्टला बांधावा आणि त्याचे टोक पुलीच्या कडेपासून मिलिमीटरभर अंतरावर आणावे. मग पुली हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावी. तार आणि कड यांतील अंतर सगळीकडे सारखे राहिले तर पुली सरळ आहे. अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आत बदलले तर मी स्वतः काळजी करीत नाही. एका मिलिमीटरहून जास्त बदलले तर कारण शोधल्याशिवाय गाडी कामाला लावीत नाही. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिलेला असेल तर तोच खरा मानावा.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. हाताने फिरवताना पुली सरळ, पण इंजिन चालू झाले की डोलते, असे असेल तर वाकलेपणाचा संशय सोडून द्यावा. मग रबर मऊ पडले आहे किंवा पुली टोकावर ढिली आहे.

रबराची परीक्षा अशी. तुंबा, रबर आणि बाहेरचे कडे, तिन्हींवरून एक सरळ पांढरी रेघ ओढावी. खडू पुसला जातो, रंग बरा. घरातील मुलींची नखांना लावायची पॉलिश याला उत्तम, पण विचारून घ्यावी! दोन-चार दिवस नेहमीसारखे काम करावे आणि पुन्हा पाहावे. रेघ तुटून तुंब्यावरचा भाग एकीकडे आणि कड्यावरचा दुसरीकडे गेला असेल तर कडे सुटले आहे. पुली गेली, दुसरी चाचणी नको. रेघ शाबूत असली तरी रबराला खोल चिरा असतील, ते बाहेर फुगून आले असेल किंवा नखाने त्याचा चुरा निघत असेल, तरी नव्या पुलीची तयारी ठेवावी.

यातून आणखी एक घोटाळा होतो. टायमिंगची खूण बहुधा याच कड्यावर असते. कडे सरकले की खूणही सरकते. मग मिस्त्री डिझेल पंपाचे टायमिंग त्या खुणेवरून लावतो आणि गाडी धूर ओकते, जोर धरत नाही, गरम सुरू होत नाही. पंप चांगला, नोझल चांगले, मिस्त्रीही चांगला, खूण तेवढी खोटी. अशा वेळी पंपावर पैसे घालण्यापूर्वी ती पांढरी रेघ आठवावी.

पुढची परीक्षा चावी आणि बोल्टची. फॅन बेल्ट काढून पुली दोन्ही हातांनी धरावी, डावी-उजवी पिळून पाहावी, वर-खाली दाबून पाहावी. क्रँक जागेवर आणि पुली मात्र थोडी फिरते असे वाटले, किंवा ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तर चावी झिजली आहे किंवा बोल्ट सुटला आहे. बोल्टच्या वॉशरभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली तर ती याचीच साक्ष. लोखंड लोखंडावर घासून तो गंज तयार होतो. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती हात लावण्यापूर्वीच दिसते.

बेल्ट काढलेलाच आहे, तर वॉटर पंपही पाहून घ्यावा. पंख्याचे पाते धरून पुढे-मागे हलवावे. खडखड जाणवली तर पंपाचे बेअरिंग गेले. पंपाच्या पोटाशी एक लहान भोक असते, त्यातून पाणी थेंबथेंब येत असेल तर सीलही गेले. पुष्कळदा डोलत असते ती वरची पंपाची पुली, आणि बेल्ट हेलकावतो म्हणून दोष मात्र खालच्या पुलीला लागतो. खात्रीसाठी बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवून खालची पुली पाहावी. त्याहून जास्त चालवू नये, कारण पाणी फिरत नसते. पंपाचा दोष पुढे ढकलू नका. पंखा एकदा पुढे आला की रेडिएटरची जाळी कापून टाकतो.

शेवटची परीक्षा क्रँकची. इंजिन बंद असताना एकाने सीटवर बसून क्लच पूर्ण दाबावा आणि सोडावा, दुसऱ्याने पुलीकडे पाहावे. प्रत्येक क्रँकला मागे-पुढे थोडी मोकळीक असतेच, साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. ती डोळ्याला क्वचितच कळते. पण क्लच दाबताच सगळी पुली उघड उघड पुढे सरकत असेल तर आतील थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. हे पुलीचे दुखणे नव्हे. नवी पुली घालून पैसे वाया जातील. ही तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी.

दुरुस्ती

बोल्ट ढिला सापडला तर लगेच आवळून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. ढिला बोल्ट किती दिवस ढिला होता हे आपल्याला माहीत नसते. तेवढ्या दिवसांत चावी आणि खाच दोन्ही घासली गेली असतील, आणि वरून आवळल्याने ते झाकले जाईल इतकेच. पुली एकदा काढून पाहिलीच पाहिजे.

काढताना वाहन वरच्या गिअरमध्ये घालून एकाने ब्रेक दाबून धरावा, म्हणजे क्रँक फिरत नाही. लांब दांड्याच्या पान्याने बोल्ट सोडवावा. बहुतेक इंजिनांत तो नेहमीच्या नटासारखा उलट्या दिशेने सुटतो. पाना चासीला अडकवून स्टार्टर मारून बोल्ट सोडवण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. त्यात पाना निसटून मनगट किंवा जबडा मोडू शकतो. पुली निघत नसेल तर पुलर लावावा, आणि तो तुंब्यावरच्या आटे पाडलेल्या भोकांत लावावा. बाहेरच्या कड्याला लावून ओढले तर चांगले रबरही फाटते, बिडाची कड तुकडा होऊन निघते. हातोड्याने ठोकले तर प्रत्येक घाव क्रँकमधून थेट थ्रस्ट वॉशरवर जातो. गॅसची ज्योतही नको, मागे ऑईल सील आहे.

पुली हातात आली की चावी काढून पाहावी. तिच्या बाजूला पायरी पडली असेल तर ती बदलावी. नवी चावी त्याच मापाची आणि योग्य पोलादाची असावी. खिळा किंवा साधी सळई घासून केलेली चावी चार दिवस चालते आणि रस्त्यात कापली जाते. क्रँकची खाच एका बाजूने थोडी रुंद झाली असेल तर लेथवाल्याकडून पायरीची चावी करून घेता येते. तिचा खालचा भाग रुंद आणि वरचा मूळ मापाचा असतो. बिदर, उदगीर, लातूर येथील जाणता टर्नर हे काम करील. जुनी चावी आणि पुली दोन्ही त्याच्याकडे न्याव्यात, तोंडी माप सांगू नये. क्रँकचे टोकच झिजून बारीक झाले असेल तर मात्र क्रँक बाहेर काढून धातू चढवून घासून घ्यावा लागतो. इथपर्यंत येऊ नये म्हणून तर हा सगळा खटाटोप.

रबर गेलेल्या पुलीबद्दल स्पष्ट सांगतो. बाहेरचे कडे तुंब्याला वेल्डिंगने टाचून घेणे ही आपल्याकडची लोकप्रिय दुरुस्ती आहे. स्वस्त आहे, त्याच दिवशी होते आणि डोलणे थांबते, हे खरे. पण कडे मोकळे असण्यासाठीच ती पुली दोन तुकड्यांची केलेली असते. टाचल्यावर क्रँकची थरथर गिळणारे कोणी उरत नाही. ती थरथर क्रँकमध्येच राहते आणि केसासारख्या तड्यापासून सुरुवात होते. वर्ष जाईल, दोन वर्षे जातील, मग एक दिवस क्रँक तुटेल आणि त्या वेळी वेल्डिंग कोणाला आठवणार नाही. शिवाय पुली गाडीवरच ठेवून वेल्डिंग केले तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्यावर खड्डे पाडतो. रबराची पुली गेली तर त्याच इंजिनाची दुसरी चांगली पुली मिळवावी. मोठ्या शहरांत रबर नव्याने बसवून देणारेही असतात. काम पाहून, विचारपूस करून द्यावे.

वाकलेली पत्र्याची पुली ठोकून सरळ करू नये, बदलावी. पंपाचे बेअरिंग आणि सील एकदमच बदलावेत. थ्रस्ट वॉशरचे काम जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे आणि लांबवू नये, कारण वॉशर संपल्यावर क्रँक इंजिनाचा ब्लॉक खाऊ लागतो. ज्यांना क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय आहे त्यांचे वॉशर लवकर जातात, नवे घातले तरी पुन्हा जातील.

बसवताना घाई होते, म्हणून थोडे तपशिलाने. पुलीच्या गळ्यावर, जिथे सील घासते, तिथे नख फिरवावे. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नवे सील घालूनही तेल गळेल, आणि ते तेल नव्या रबराला खाईल. अशा वेळी गळ्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून घ्यावी किंवा दुसरी पुली घ्यावी. सील नवे घालावे आणि त्याच्या ओठाला तेल लावावे. क्रँकचे टोक स्वच्छ करून चावी खाचेत नीट बसवावी, पुली सरळ सरकवावी आणि बोल्टनेच हळूहळू आत ओढून घ्यावी. वॉशर खोलगट झाला असेल तर जुना घालू नये. शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने, पुस्तकातील मापाने. हा पाना ज्याच्याकडे आहे अशा मिस्त्रीकडे तेवढ्या कामापुरते जावे लागले तरी जावे. बोल्टला वाकवायचा लॉक असेल तर तो वाकवावा. सगळ्या पुल्यांच्या तोंडांवर एक सरळ पट्टी धरून खाचा एका ओळीत आहेत का पाहावे. खालची पुली बाहेर राहिली असेल तर ती पूर्ण आत बसलेली नाही.

बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबला असता साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर, दबला पाहिजे. तारेसारखा ताणला तर पंपाचे आणि डायनॅमोचे बेअरिंग मारतो. मग पांढरी रेघ पुन्हा ओढावी आणि आठ-दहा तास काम झाल्यावर रेघ आणि बोल्ट दोन्ही तपासावेत.

शरीराची काळजी

बेल्ट तुटला किंवा काटा तांबड्यात गेला की इंजिन तिथल्या तिथे बंद करावे. “पुढच्या गावापर्यंत जाऊ” म्हणून तीन किलोमीटर दामटले की हेड वाकते आणि गॅस्केट उडते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. किमान अर्धा तास थांबावे, मग जाड कापड घालून, तोंड बाजूला करून, आधी थोडेच फिरवावे. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नये.

वाफेने भाजले तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, कॉफीची पूड लावू नये, फोड फोडू नयेत. बोट बेल्टमध्ये सापडून तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. तुटलेला तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये. जखमी माणसाबरोबरच तो बिदरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावा. लोखंडाने कापले असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. काळ्या तेलाचे हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत, ते तेल वर्षानुवर्षे कातडीवर राहणे चांगले नाही.

सुटे भाग

पुली मिळवताना वाहनाचे नाव पुरत नाही, इंजिन कोणते ते सांगावे लागते. महिंद्राच्या जीपगाड्यांचेच पाहा. १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून सुरुवात झाली, आणि पुढे निरनिराळ्या काळांत त्यांत निरनिराळी पेट्रोल आणि डिझेल इंजिने आली. एमएम ५४० या गाडीत प्यूजो जातीचे डिझेल इंजिन आहे, त्याची पुली दुसऱ्या इंजिनाला बसेलच असे नाही. शिवाय आपल्याकडच्या किती जीपमध्ये मूळ इंजिन राहिले आहे? म्हणून ब्लॉकवर कोरलेला क्रमांक कागदावर लिहून न्यावा. एचएमटी ट्रॅक्टर असलेल्यांनी विशेष लक्ष द्यावे. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली सुरू झालेले हे काम बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. म्हणून जुन्या ट्रॅक्टरच्या भंगारात चांगली पुली, बोल्ट, वॉशर दिसले तर हंगामाची वाट न पाहता घेऊन ठेवावेत. भंगारातील पुलीही आधी त्याच तारेच्या परीक्षेतून जाऊ द्यावी, आणि रबराची असेल तर चिरा पाहाव्यात.

जुना बेल्ट फेकू नका. त्यावरचा क्रमांक वाचता येत असेल तर तो दुकानात दाखवून नवा घ्यावा, एक बेल्ट जादा घेऊन सीटखाली ठेवावा, आणि तो बसवण्यासाठी लागणारा पाना त्याच पिशवीत बांधून ठेवावा.